तिकिटाचा डावा कोपरा

मला राग लवकर येतो, हे आधीच सांगून ठेवते. नंतर कुणी म्हणायला नको की बाईने फसवलं. पोस्टाच्या खिडकीमागे तीस वर्षं बसलेल्या माणसाला राग येणार नाही तर काय येणार? लोक अर्धवट पत्ता लिहून पाकीट पुढे सरकवतात, डिंक लावा म्हटलं की डिंकाच्या बाटलीकडे पहिल्यांदाच पाहिल्यासारखं बघतात, आणि तिकीट तर जिथे मोकळी जागा दिसेल तिथे. अहो, तिकिटाची जागा उजवीकडे, वर. एवढं साधं.

पण एका बाबतीत आजवर मला कुणी नाव ठेवलेलं नाही. माझा शिक्का. नवीन तिकीट निघतं त्या दिवशी खास पाकिटं काढतात, त्यावर ते तिकीट लावून त्याच तारखेचा शिक्का मारून घ्यायला लोक रांगा लावतात. तिकिटं जमवणारे हे लोक फार चिकित्सक. त्यांना शिक्का तर हवा, पण चित्रावर शाई नको. मग काय करायचं? शिक्का असा उतरवायचा की त्याची कड तिकिटाचा डावीकडचा खालचा कोपरा तेवढा झाकेल आणि बाकीचा गोल पाकिटावर स्वच्छ उमटेल. तारीख वाचता आली पाहिजे, चित्र दिसलं पाहिजे. माझा शिक्का त्या कोपऱ्यावरून सुईएवढाही हलत नाही. दुसऱ्या गावांहून लोक पाकिटं पाठवतात आणि सोबत चिठ्ठी लिहितात की खिडकी क्रमांक तीनच्या बाईंकडूनच शिक्का मारून घ्यावा. मी ती चिठ्ठी सगळ्यांना वाचून दाखवते. का दाखवू नये?

आणि माझ्या शेजारच्या खिडकीत कोण? भूकंप. हे नाव मीच ठेवलंय. त्याने शिक्का हाणला की माझ्या टेबलावरचा कप बशीत नाचतो. पन्नाशी उलटलेला माणूस, मनाने सोन्यासारखा, पण हात म्हणजे हातोडा. त्याचा शिक्का कधी तिकिटाच्या डोक्यावर, कधी मधोमध. डाव्या कोपऱ्यावर तो चुकूनसुद्धा पडत नाही. रोज घरी जेवताना माझा अर्धा वेळ त्याच्या नावाने बोटं मोडण्यात जायचा आणि आमचे हे शांतपणे ऐकून घ्यायचे.

आमचे हे राष्ट्रीय इतिहास संग्रहालयात पायऱ्या धुवायचे. मोठी दगडी इमारत, वर घुमट, पितळी दरवाजा, आणि दरवाज्यापर्यंत चढत जाणाऱ्या छत्तीस पायऱ्या. पहाटे सहाला बादली आणि झाडू घेऊन वरून सुरुवात करायची, एकेक पायरी उतरत खाली यायचं. दहाला दरवाजा उघडायच्या आत मागच्या बाजूने घरी. चौतीस वर्षं. त्या इमारतीच्या आत राजे आहेत, तलवारी आहेत, कुणाकुणाच्या चपलासुद्धा काचेत ठेवल्यात. पण ज्याने चौतीस वर्षं सगळ्यांचे चिखलाचे पाय धुऊन काढले, त्याची त्या घरात कुठे खूण नाही. दर वर्षी सगळ्या कर्मचाऱ्यांचा एक फोटो काढतात आणि आतल्या बोळात लावतात. फोटोवाला येतो अकराला. सफाईचे लोक दहाला घरी गेलेले असतात. संपलं.

ह्यांचा स्वभाव माझ्या अगदी उलटा. मी शंभर वाक्यं बोलेन तेव्हा हे एक बोलणार, तेसुद्धा जमलं तर. अशा माणसाने निवृत्तीच्या सहा महिने आधी, भाजी निवडता निवडता, माझ्याकडे न बघता म्हटलं की जायच्या आधी पायऱ्यांवर उभं राहून एक फोटो निघाला असता तर बरं झालं असतं. संग्रहालयाकडे राहील असा. बस. पुन्हा भाजी निवडायला लागले.

चौतीस वर्षांत ह्या माणसाने काही मागितलं म्हणून मला आठवत नाही. मी दुसऱ्या दिवशी थेट संचालकांच्या खोलीत. ते फार गोड बोलले, खुर्ची दिली, पाणी दिलं, आणि म्हणाले की या वर्षीचा फोटो तर होऊन गेला. माझा नुसता तिळपापड झाला. मी त्यांना काय बोलले ते इथे सांगत नाही, पण बाहेरचा शिपाई उठून उभा राहिला होता एवढं खरं. संध्याकाळपर्यंत ह्यांच्या कानावर गेलंच. मला वाटलं रागावतील. पण नाही. 'अगं, कशाला गेलीस,' एवढंच म्हणाले आणि पुन्हा त्या फोटोचं नाव काढलं नाही. ते मला जास्त लागलं.

त्यानंतर कळलं की संग्रहालयाला शंभर वर्षं होतायत म्हणून त्याचं तिकीट निघणार. समारंभ संग्रहालयातच, आणि आमच्या पोस्टाने तिथे टेबल लावून पहिल्या दिवसाचे शिक्के मारायचे. त्यासाठी साहेबांनी मला नेमलं आणि सोबतीला भूकंपाला दिलं, कारण दुसरं कुणी मोकळं नव्हतं. ह्यांना मात्र वेगळा निरोप. त्या दिवशी पायऱ्या पहाटे पाचला धुवायच्या आणि आठच्या आत सफाईवाल्यांनी निघून जायचं, पाहुणे यायचेत म्हणून. मी कपाळाला हात लावला. म्हटलं, तुमच्याच इमारतीचा सोहळा, आणि तुम्हालाच मागच्या दाराने बाहेर? हे म्हणाले की पायऱ्या धुतल्याशिवाय पाहुणे चढणार कसे. अशा माणसाशी भांडायचं तरी कसं, तुम्हीच सांगा.

समारंभाच्या दिवशी मी त्याच पायऱ्या चढून गेले. अजून ओल्या होत्या. चढताना पाय जपून टाकत होते, घसरायला होईल म्हणून नाही, उगाच.

दालनात टेबल मांडलं. शाईचं पॅड नवीन, शिक्का नवीन, रांग दरवाज्याबाहेर गेलेली. भाषणं झाली, टाळ्या झाल्या आणि माझा हात सुरू झाला. पाकीट, कोपरा, शिक्का. पाकीट, कोपरा, शिक्का. लोक म्हणतात की एवढी सुंदर तिकिटं रोज तुमच्या डोळ्यांखालून जातात, किती नशीबवान तुम्ही. मी हसते. शिक्का मारताना चित्र बघितलं की हात हलतो. मी कोपरा बघते. त्या दिवशीही तिकिटावर घुमट आहे, पायऱ्या आहेत, एवढं ओझरतं पाहिलं आणि कामाला लागले. साडेअकराला माझी चहाची वेळ. तीस वर्षं त्यात बदल नाही. पंधरा मिनिटं भूकंपाच्या हातात कारभार देऊन मी मागे गेले.

परत येऊन बघते तर काय, ह्या बाबाने वीसेक पाकिटं उरकलेली. एकावर शिक्का घुमटावर, एकावर आकाशात, एकावर तर तिकिटाच्या वरच्या काठाला लोंबकळतोय. लोकांसमोर ओरडता येत नाही म्हणून दात आवळून हळू आवाजात मी त्याची अशी काही हजेरी घेतली की बस. कचरा केलास कचरा, म्हटलं. एरवी हा माणूस एकाला दोन ऐकवतो. त्या दिवशी आपल्या बुटांकडे बघत गप्प उभा होता. मला वाटलं, चला, उशिरा का होईना, लाज वाटली.

दिवसअखेरीस चारशेच्या आसपास शिक्के झाले. संचालकांनी आपलं पाकीट उजेडात धरून पाहिलं आणि सगळ्यांसमोर माझ्या हाताचं कौतुक केलं. त्यांच्यावरचा राग मी अर्धा तास विसरले, खोटं कशाला बोलू.

दोन दिवसांनी माझ्या खिडकीवर एक बाई आल्या, बोटांना रंग लागलेले. रजिस्टर पत्र करायचं होतं. पावती लिहिता लिहिता बोलणं निघालं, तर संग्रहालयाचं तिकीट त्यांनीच चित्रित केलेलं. मी आपलं, वा वा, छान आहे हो, असं केलं. त्या जरा खट्टू होऊन म्हणाल्या की छान आहे, पण पहिल्या दिवसाची जेवढी पाकिटं त्यांनी पाहिली, त्या सगळ्यांवर तो माणूसच नेमका शिक्क्याखाली गेलाय.

मी विचारलं, कुठला माणूस?

'पायऱ्या धुणारे काका,' त्या म्हणाल्या. 'अगदी खाली, डाव्या कोपऱ्यात काढलेत मी. तिळाएवढे आहेत. पण ज्याने शिक्के मारले त्याचा हात फारच नेमका हो, एकदाही चुकला नाही.'

त्यांनी आपल्याच नादात पुढे सांगितलं. त्या तीन आठवडे समोरच्या बाकावर बसून इमारत काढत होत्या, पण माणसाशिवाय इमारत म्हणजे नुसतं खोकं वाटायचं, तिची उंचीच कळायची नाही. मग रोज सकाळी दिसणाऱ्या काकांना विचारलं, तुम्हाला काढू का? काका आधी लाजले. मग म्हणाले, काढा, पण बादली डावीकडे दाखवा, कारण नळ डावीकडे आहे, आणि बादलीला पोचा आहे तोही दाखवा. चित्र पुरं झाल्यावर त्यांनी काकांना भिंगातून दाखवलं. काका बराच वेळ बघत होते.

म्हणजे ह्यांना ठाऊक होतं. दोन महिने ठाऊक होतं आणि मूग गिळून बसले होते.

बाई गेल्यावर मी साहेबांच्या कपाटातल्या नमुन्याच्या पाकिटावर भिंग धरलं. तोही माझाच शिक्का. कोपऱ्यात काळी शाई, आणि शाईखाली काहीतरी असल्यासारखं वाटतं, इतकंच. ज्या माणसाला कुणी फोटोत घेतलं नाही, त्याला देशाच्या तिकिटावर जागा मिळाली, आणि त्याच्या बायकोने त्याला स्वतःच्या हाताने चारशे वेळा पुसून टाकलं. तेही वाहवा घेत. मला आयुष्यात स्वतःचा एवढा राग कधी आला नव्हता.

ह्यांच्या निवृत्तीला पाच दिवस होते. मी ठरवलं, काहीही झालं तरी त्या दिवशी ह्यांच्या हातात शाई न लागलेलं एक तिकीट ठेवायचं. पण मिळायला हवं ना. आमच्या ऑफिसला आलेली तिकिटं पहिल्याच दिवशी दुपारपर्यंत संपली होती. जमवणाऱ्यांनी आणि व्यापाऱ्यांनी शीटच्या शीट उचलली होती. पहिल्या दिवशी कर्मचाऱ्यांनी स्वतःसाठी तिकिटं घ्यायची नाहीत असा नियम आहे, आणि तो नियम भिंतीवर ठळक अक्षरांत लिहून लावणारी मीच. मोठ्या ऑफिसला फोन केला. पुढची खेप येईल तेव्हा येईल, म्हणाले.

मग डोक्यात आलं, भूकंप! त्याची ती वीस पाकिटं! त्याचा शिक्का डाव्या कोपऱ्यावर पडतच नाही. घुमट गेला, आकाश गेलं, पण खालचा माणूस शाबूत असणार. ज्या हाताला मी वीस वर्षं नावं ठेवली, त्याच हाताच्या चुका शोधत मी दारोदार निघाले. बाजारातल्या दुकानदाराकडे गेले, तो म्हणाला शिक्का वाकडा म्हणून टाकून दिलं. एका निवृत्त मास्तरांकडे गेले, त्यांनी तिकीट सोडवायला पाण्यात घातलं आणि ते फाटलं. शेवटी भूकंपालाच विचारलं की त्यातलं एखादं कुठे मागे राहिलंय का.

त्याने माझ्याकडे बघितलं नाही. 'तुम्हीच म्हणालात ना ताई, कचरा केला म्हणून,' एवढं म्हणाला आणि उगाच खिडकीची काच पुसायला लागला.

त्या दिवसांत मी रोज घरी जायचे, हे पाण्याचा पेला आणून द्यायचे, आज काय झालं विचारायचे. माझ्या तोंडून भूकंपाबद्दल एक वाकडा शब्द निघत नव्हता, आणि ह्यांना ते चमत्कारिक वाटत होतं. एकदा तर कपाळाला हात लावून ताप आहे का पाहिलं. मला वाटायचं, आता सांगावं. पण सांगणार काय? की तुम्हाला मी पाहिलंच नाही?

शेवटचा दिवस आला. मी अर्धी रजा टाकली आणि घरी येऊन बसले. अकराच्या सुमारास हे आले. एका काखेत संग्रहालयाने दिलेलं भिंतीवरचं घड्याळ, दुसऱ्या हातात पोचा पडलेली बादली. ती तेवढी मागून घेतली होती. बादली त्यांनी दाराशी ठेवली. डावीकडे. ती तशी ठेवलेली पाहिली आणि माझा बांध फुटला.

रडत रडत मी सगळं सांगितलं. चित्रकार बाई, कोपरा, शाई, ते दुकानदार, ते मास्तर. म्हटलं, तुमचं एवढंसं मागणं होतं आणि ते मीच मातीत घातलं. तिकिटावर तुम्ही आहात हे निदान माझ्या डोळ्यांना तरी दिसायला हवं होतं, आणि मी कोपरा बघत बसले. एक धड तिकीटसुद्धा तुमच्यासाठी मिळवू शकले नाही. हे पायपुसण्यावर पाय पुसत उभे होते. माझं संपेपर्यंत थांबले. मग आत गेले, कपाटाचा खालचा खण उघडला, आपल्या सदऱ्यांच्या घडीखालून एक पाकीट काढलं आणि माझ्यापुढे धरलं.

काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात ते हेच.

पाकिटावर माझं नाव होतं. पूर्ण नाव, खाली हुद्दा, खिडकी क्रमांक तीन, आणि मग घरचा पत्ता. लग्नापासून ह्या माणसाने मला 'अगं' सोडून दुसऱ्या कशाने हाक मारलेली नाही. माझं नाव त्यांच्या अक्षरात मी पहिल्यांदा बघत होते. तिकीट उजवीकडे, वर, अगदी सरळ लावलेलं. आणि शिक्का? भर घुमटावर. हातोड्याने हाणलेला. खालचा डावा कोपरा चांदण्यासारखा स्वच्छ.

हे आतून भिंग घेऊन आले. मी डोळे पुसले आणि पाहिलं. सगळ्यात खालच्या पायरीवर एक माणूस. शेजारी बादली, डावीकडे. एक हात झाडूवर, दुसरा कमरेवर, पाठ सरळ करताना हे ठेवतात तसा. रोज घरी केर काढून झाला की अस्सेच उभे राहतात. चेहरा नव्हताच, तिळाला कुठून येणार चेहरा? पण हजार माणसांत उभं केलं असतं तरी मी ओळखलं असतं.

मग हळूहळू एकेक कळत गेलं. समारंभाच्या दिवशी आठला घरी येऊन ह्यांनी आंघोळ केली, इस्त्रीचा सदरा घातला आणि परत गेले, रांगेत उभे राहिले. घड्याळाकडे बघून चार माणसांना पुढे जाऊ दिलं, आणि मी कोपऱ्यावरून नजर काढत नाही हे त्यांना ठाऊकच होतं. साडेअकराला मी चहाला उठले तशी पाकीट भूकंपाच्या पुढे केलं. मी नेहमी कुठे शिक्का मारते आणि भूकंप कुठे मारत नाही, हे ह्यांना माझ्यापेक्षा पाठ होतं. वीस वर्षं जेवताना तेच तर ऐकलं होतं. भूकंपाला त्यांनी गप्प राहायची शपथ घातली होती. आणि त्या बिचाऱ्याने माझी बोलणी मुकाट्याने खाल्ली. पाकीट दुसऱ्या दिवशी टपालाने घरी आलं, मी कामावर असताना. आजच्या दिवसासाठी खणात ठेवलं होतं.

एवढं सगळं ऐकून मला पुन्हा राग आला. यायचाच. मी म्हटलं, 'अहो, एवढी लपवाछपवी कशाला? मला एका शब्दाने आधी सांगितलं असतंत तर?'

हे माझ्याजवळ खाली बसले.

'सांगितलं असतं तर तू चारशेच्या चारशे वाकडे मारले असतेस,' ते म्हणाले. 'माझ्यासाठी. सगळ्या साहेबलोकांसमोर.'

ते खरं होतं. तसंच केलं असतं मी.

'माझं काय गं, मला एक पुरे होतं,' हे म्हणाले. 'तुझा शिक्का सरळच बरा दिसतो.'

दुसऱ्या दिवशी कामावर गेल्या गेल्या मी भूकंपाच्या टेबलावर माझ्या हाताने चहाचा कप नेऊन ठेवला. तो घाबरून उठून उभा राहिला. मी त्याला म्हटलं, बस, आणि शिक्का मार. त्याने मारला. कप बशीत नाचला, थोडा चहा सांडला, आणि तो मी माझ्या रुमालाने पुसून घेतला.